परीक्षण मुंबईचं, पिच्चर खामगावचा : जुनी चित्रपट-परीक्षणं संशोधनात कशी वाचायची?



पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचे मेसेज आले. ‘जुनी वर्तमानपत्रं हे साधन वापरायचं आहे, सुरुवात कुठून करू?’ असा सगळ्यांचा सूर. त्यामुळे या वेळी पद्धतीवर कोरडं लिहिण्यापेक्षा माझ्याच विषयातलं उदाहरण घेतो. विषय आहे नव्या चित्रपटांवर वर्तमानपत्रांत छापून येणारं परीक्षण, आणि त्याचा इतिहास.

आधी माझी फजिती सांगतो. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालं. पीएच.डी.साठी विषय निवडला तो वऱ्हाडातल्या, त्यातही बुलडाणा जिल्ह्यातल्या चित्रपट-प्रेक्षकांचा. समितीपुढं पहिल्यांदा सिनॉप्सिस मांडला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “प्रेक्षकांचं मत कुठून आणणार?” मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, “सर, वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांतून. त्यांचं कोडिंग करायचं, चांगलं-वाईट गुण द्यायचे आणि दशकांनुसार तुलना करायची.” ते शांतपणे म्हणाले, “परीक्षक म्हणजे प्रेक्षक का? आणि मुंबईचा परीक्षक म्हणजे मेहकरचा प्रेक्षक का?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला. आज त्या सरांचे आभार मानतो, कारण पुढचं दीड वर्ष मी याच दोन प्रश्नांमागं फिरलो.

आजोबांची वही

सिनॉप्सिस परत आल्यावर घरी गेलो. आमचं गाव खामगाव तालुक्यातलं. आजोबा एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. त्यांची खर्चाची एक जुनी वही माळ्यावर सापडली, १९७०च्या दशकातली. त्यात मिठापासून बैलाच्या पेंडीपर्यंत सगळं लिहिलेलं. मधेच कुठंकुठं नोंद : ‘सिनेमा’, आणि पुढं पैसे. चित्रपटाचं नाव एकाही ठिकाणी नाही.

मी विचारलं, “आबा, कोणता पिच्चर पाह्यला होता हे कसं नाही लिहिलं?”

“कायले लिहू? पैसे कुठं गेले ते लिहा लागते. टाकीजले जो लागला तो पाह्यला.”

“पेपरात वाचून ठरवत होते का, कोणता पाहायचा ते?”

ते हसले. “पेपरात वाचून गेलो असतो त तो पिच्चर आपल्याइकडं येतपर्यंत म्हातारा झालो असतो, बाप्पा.”

त्या वेळी मीही हसलो. नंतर लक्षात आलं की माझ्या अख्ख्या संशोधनाची अडचण आबांनी एका वाक्यात सांगितली होती. वर्तमानपत्रातल्या परीक्षणाला चित्रपट ठाऊक असतो, प्रेक्षक नाही. आबांच्या वहीला प्रेक्षक ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे, तिकिटाचा खर्च ठाऊक आहे, पण चित्रपट नाही. दोन्ही साधनं अर्धी. मग उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं?

जाहिरात, बातमी की परीक्षण?

सुरुवातीपासून सुरुवात करू. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवला गेला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तिथंच ३ मे १९१३ रोजी लागला. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता. पहिला भारतीय चित्रपट कोणता, हा वाद आजही निघतो. ‘पुंडलिक’ म्हणजे रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्यात उतरवलेलं, म्हणून मान बहुतेक वेळा ‘हरिश्चंद्र’ला मिळतो. तोरण्यांच्या बाजूनं बोलणारे लोक जो पुरावा पुढं ठेवतात, तो म्हणजे त्या काळच्या वर्तमानपत्रातला मजकूर. चित्रपट तर उरलेला नाही.

त्या मजकुरात जाहिरातही आहे. जाहिरातीचा दावा असा, की मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी गेल्या आठवड्यात हा चित्रपट पाहिला, आता उरलेल्या निम्म्यांनीही पाहावा. वाचून छाती फुगते. आता संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून साधा गुणाकार-भागाकार करतो. १९११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साधारण पावणेदहा लाख होती. त्यात हिंदू फक्त निम्मे धरले (प्रत्यक्षात त्याहून जास्त होते), तरी ते ४ लाख ९० हजारांच्या आसपास येतात. त्यांचे निम्मे, म्हणजे जवळपास २ लाख ४५ हजार. सात दिवसांत एवढी माणसं, म्हणजे दिवसाला ३५ हजार. थिएटरात हजार खुर्च्या आहेत असं समजलं तरी रोज ३५ खेळ लावावे लागतील. दिवसाचे तास चोवीसच. म्हणजे हा आकडा गर्दीचा पुरावा नाही. मालकाला गर्दी हवी होती, एवढ्याचाच तो पुरावा आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. सुरतेला ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवताना फाळक्यांनी केलेली म्हणून एक जाहिरात सांगितली जाते. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत! ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. ५७,००० भागिले १६ केलं की उत्तर येतं साधारण ३,५६० फूट. ‘हरिश्चंद्र’ची लांबी सांगितली जाते ३,७०० फूट. म्हणजे छायाचित्रांचा आकडा बऱ्यापैकी खरा! पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. म्हणजे लांबी तिपटीच्या आसपास फुगवलेली. एकाच जाहिरातीत एक आकडा खरा आणि शेजारचा खोटा.

यातून शिकायचं काय? ‘जाहिरात आहे म्हणून फेकून द्या’ हे चूक आणि ‘छापून आलंय म्हणून खरं’ हेही चूक. प्रत्येक वाक्य वेगळं तपासायचं.

आणि खरी पंचाईत पुढंच आहे. जुन्या वर्तमानपत्रांत जाहिरात, कंपनीनं पाठवलेला प्रसिद्धीचा मजकूर आणि परीक्षकानं स्वतः बघून लिहिलेलं मत, हे तिन्ही एकाच पानावर शेजारी-शेजारी असतात. खाली नाव नसतं. ओळखायचं कसं? माझी साधी युक्ती : तोच मजकूर त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्तमानपत्रात शब्दशः सापडला, तर तो कंपनीकडून आलेला समजायचा. लेखात एकही तक्रार नसेल, कथा शेवटाच्या अलीकडं थांबत असेल आणि खेळाच्या वेळा दिलेल्या असतील, तरीही शंका घ्यायची. मी पहिल्या सहा महिन्यांत ‘परीक्षण’ म्हणून नोंदवलेल्या मजकुराचा मोठा भाग नंतर ‘प्रसिद्धी’ या रकान्यात हलवावा लागला. कोडिंग शीटवर लाल पेन फिरवताना जीव जातो, पण इलाज नाही.

आठवण आणि त्या दिवशीचा कागद

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास कशाला? चित्रपटच बघावा ना. बघायला तो शिल्लक हवा. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले असं मानलं जातं. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले बोटांवर नाही, पण दोन-तीन ओंजळींत मावतील एवढेच आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं उरली आहेत, आणि तीही १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते १९६४ मध्ये. तोवर नायट्रेटची फिल्म जळून, वितळून, चांदीसाठी विकली जाऊन गेली होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात ‘प्रभात’चाही ठेवा गेला.

तर मग उरतात दोन गोष्टी : माणसांच्या आठवणी, आणि त्या दिवशी छापलेला कागद.

बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५चा मूकपट. कथा हरि नारायण आपट्यांची. सावकाराच्या पाशात जमीन घालवून शहराकडं जाणारा शेतकरी, आणि ती भूमिका केली होती तरुण व्ही. शांताराम यांनी. आपल्या कापूसपट्ट्यात बसून हा विषय वाचला की अंगावर काटा येतो. चित्रपट आज उपलब्ध नाही. त्याच्या संदर्भात निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांची एक आठवण सांगितली जाते. अंधुक प्रकाशातली ती उदास झोपडी आणि कुत्र्याचं विव्हळणं यांबद्दल त्यांनी लिहून ठेवलं आहे.

इथं थांबा आणि पुन्हा वाचा. चित्रपट मूक होता. मग कुत्र्याचं विव्हळणं वाडियांनी ऐकलं कुठं?

शक्यता अनेक. पडद्यावर कुत्रं तोंड वर करून विव्हळताना दिसलं असेल आणि आवाज मनानं भरला असेल. थिएटरातल्या वादकांपैकी कुणी तसा आवाज काढला असेल. पेंटरांनीच १९३६ मध्ये याच कथेवर बोलपट काढला, ती आठवण मुळात त्या बोलपटाचीच असेल. यातलं कुठलं खरं, हे नुसत्या उद्धृत केलेल्या वाक्यावरून कळत नाही, मूळ मजकूर पूर्ण वाचावा लागतो. आठवण खोटी आहे असं मी म्हणत नाही. उलट त्या दृश्याचा परिणाम किती खोल होता, ते यातून कळतं. पण ‘मूकपटाच्या खेळात ध्वनी वापरला जात होता’ असं विधान या एका आठवणीवर उभं केलं, तर तोंडी परीक्षेत कुणीही तुम्हाला अडवेल.

फाळक्यांचंही असंच. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट गिरगावात पाहून त्यांना आपणही चित्रपट काढावा असं वाटलं, हे सगळ्यांना माहीत आहे. स्वतः फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लेखमाला लिहिली, ती आपल्याकडची मोठी ठेव. पण तो चित्रपट त्यांनी पाहिला कधी? काही पुस्तकं १९१०चा नाताळ म्हणतात, काही १९११च्या एप्रिलमधला ईस्टर. असा प्रश्न सुटतो तो आठवणींनी नाही, तर त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रात कोणत्या थिएटरात काय लागलं होतं ते बघून. मतासाठी नाही तर निदान तारखेसाठी तरी जुना पेपर हाताशी हवा.

परीक्षकाचा झिरो एरर

बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये व्हर्नियर कॅलिपर हातात घेतला की सर आधी काय बघायला सांगायचे? झिरो एरर. उपकरण मुळातच किती सरकलेलं आहे ते नोंदवा, मग मोजमाप करा. परीक्षकाला हाच नियम लावायचा.

बाबूराव पटेल हे नाव ऐकलं असेल. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केलं. ते वर्तमानपत्र नव्हे, पण त्यातली परीक्षणं देशभर वाचली जात. लेखणी अशी तिखट की निर्माते घाबरून असत. पण पटेलांनी स्वतःही चित्रपट दिग्दर्शित केले होते, आणि ज्या कंपन्यांचे चित्रपट ते तपासत त्याच कंपन्यांच्या पान-पान जाहिराती त्या मासिकात झळकत. दुसरे ख्वाजा अहमद अब्बास. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकात ते चित्रपटांवर लिहीत. त्याच काळात, १९३६ मध्ये, ते ‘बॉम्बे टॉकीज’चे अर्धवेळ प्रसिद्धी अधिकारीही होते आणि पुढं त्याच कंपनीनं त्यांच्या कथेवर ‘नया संसार’ (१९४१) काढला. आणि आपले आचार्य अत्रे! ‘ब्रह्मचारी’चे (१९३८) लेखक, ‘श्यामची आई’चे (१९५३) निर्माते-दिग्दर्शक, आणि ‘नवयुग’ साप्ताहिकाचे व ‘मराठा’ दैनिकाचे संपादकही तेच. मैदानात खेळणारा आणि मैदानाबाहेरून बोलणारा माणूस एकच.

म्हणून हे लोक अप्रामाणिक होते असं ठरवायची घाई करू नका. ती त्या काळाची रीतच होती. चित्रपटाचं तंत्र कळणारी माणसं थोडी, आणि त्यातली बरीचशी त्या धंद्यातच. मुद्दा एवढाच, की एका परीक्षकाचं एकच परीक्षण उचलून ‘हा चित्रपट त्या काळी असा वाटला’ म्हणू नका. त्याच परीक्षकाची निदान वीस-पंचवीस परीक्षणं सलग वाचा. तो कुणावर नेहमी चिडतो, कुणाला सांभाळून घेतो, गाणी आवडतात की खटकतात, पौराणिक चित्रपटाला काय मापं लावतो, हे कळलं की झिरो एरर कळला. मग त्याचं एखादं अनपेक्षित वाक्य सोन्यासारखं होतं. कायम झोडपणाऱ्यानं केलेलं कौतुक किंवा कायम सांभाळून घेणाऱ्यानं केलेली तक्रार, यात माहिती जास्त असते.

सीपी-बेरार : नकाशावरून पुसलेला, धंद्यात जिवंत असलेला प्रांत

आता सरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. मुंबईचा परीक्षक आणि मेहकरचा प्रेक्षक.

मध्य प्रांत-वऱ्हाड या जुन्या प्रांताचा भाग १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विभागला गेला. बुलडाणा आधी मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. पण चित्रपटाच्या धंद्यात ‘सीपी-बेरार’ नावाचं वितरण क्षेत्र पुढं कित्येक दशकं तसंच राहिलं. हिंदी चित्रपटांच्या व्यवसायाच्या बातम्यांत ‘मुंबई, दिल्ली-यूपी, निझाम, सीपी-बेरार’ अशी वाटणी असते, ती हीच. म्हणजे प्रशासनाच्या नकाशावर बुलडाणा मुंबईशी जोडलेला आणि पडद्याच्या नकाशावर मात्र मुंबईपासून वेगळा. वितरकांची ठाणी अमरावती, भुसावळकडं. मध्यवर्ती क्षेत्राच्या प्रदर्शक-वितरकांच्या संघटनेचं मुख्यालयही भुसावळलाच. आपल्या मलकापूरहून जेमतेम पन्नास किलोमीटर!

हे का महत्त्वाचं? कारण परीक्षणाचा कागद एका वाटेनं यायचा आणि चित्रपटाची पेटी दुसऱ्या वाटेनं. मुंबईचं वर्तमानपत्र रेल्वेनं मलकापूर, नांदुरा, शेगावला दुसऱ्या दिवशी पोहोचू शकत होतं. चित्रपटाची प्रिंट मात्र महाग, आणि मोजकी. ती आधी मोठ्या शहरांत चालायची, मग मध्यम शहरांत, आणि ओरखडे पडून, दोन-चार ठिकाणी जोडून आपल्याकडं यायची. खामगावला निदान जलंबहून फाटा आहे. बुलडाणा शहराला रेल्वेच नाही, मेहकर-लोणारला नाही. तिथं पत्र्याची पेटी एसटीच्या टपावरून किंवा मोटारीनं. आणि खेड्यात तर जत्रेतला तंबू हेच थिएटर.

आता विचार करा. शुक्रवारी चित्रपट लागला, शनिवार-रविवारी परीक्षण छापून आलं. मुंबई-पुण्याच्या वाचकासाठी ते होतं ‘बघावा का नको?’ या प्रश्नाचं उत्तर. बुलडाण्याच्या वाचकाला तेच परीक्षण काय देत होतं? सल्ला नाही, कारण चित्रपट समोर नाही. माझं मत असं, की त्याच्यासाठी ते एक प्रकारचं वाचन होतं : न पाहिलेल्या चित्रपटाची कथा, दूरच्या शहराची बातमी. चित्रपट प्रत्यक्ष येईस्तोवर ते परीक्षण रद्दीत गेलेलं किंवा किराणा दुकानात पुडी बांधून संपलेलं. त्यामुळं ‘परीक्षणाचा प्रेक्षकांवर प्रभाव’ असा सरसकट विषय घेतलात, तर तो जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा निघेल. हे माझं अजून गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. ते तपासायला परीक्षणाची तारीख आणि गावात चित्रपट लागल्याची तारीख, या दोन्ही लागतात. दुसरी तारीख मिळते ती मुंबईच्या पेपरात नाही, तर अकोला-अमरावती-नागपूरच्या दैनिकांतल्या छोट्या जाहिरातींत, थिएटरच्या करमणूक कराच्या कागदांत आणि आबांसारख्यांच्या वहीत.

२००५च्या आसपास उपग्रहावरून थेट थिएटरात चित्रपट पाठवण्याची सोय आली आणि हे अंतर बघता बघता मिटलं. आता तर उलटी ओरड आहे. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयात नेमलेल्या न्यायमित्रानं सुचवलं, की चित्रपट लागल्यावर पहिले ४८ तास ऑनलाइन परीक्षणं करू नयेत. त्याच वर्षाच्या शेवटी तमिळ निर्मात्यांनी पहिल्या तीन दिवसांसाठी तशीच बंदी मागितली, ती मद्रास उच्च न्यायालयानं मान्य केली नाही. ४८ तासांसाठी हा झगडा! आणि आपल्या गावांत एकेकाळी परीक्षण आणि चित्रपट यांच्यामध्ये अख्खा हंगाम निघून जाई.

परीक्षक ‘चुकला’ म्हणजे काय?

या विषयावर बोलताना सगळ्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे ‘शोले’. १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. अनेक समीक्षकांनी थंड स्वागत केलं, एकानं तर त्याला विझलेला निखारा ठरवलं. पुढं मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. मग आपण टाळ्या पिटतो : बघा, परीक्षक कसे तोंडावर आपटले!

पण संशोधक म्हणून विचारा : परीक्षकानं चित्रपट किती चालेल याचं भाकीत केलं होतं, की तो कसा आहे याचं मत दिलं होतं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्ल्यावरून मताला नापास करणं म्हणजे थर्मामीटरनं वजन मोजणं. शिवाय त्यांनी पाहिलेला ‘शोले’ हा सेन्सॉरच्या सांगण्यावरून शेवट बदललेला होता. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, थिएटरात आलेल्या शेवटात पोलीस येऊन पोहोचतात. परीक्षणाबरोबर ‘कोणती आवृत्ती?’ हा रकाना हवाच. आणि काळ आणीबाणीचा, वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी. त्या काळातल्या मौनाचा अर्थ जपूनच लावावा.

दुसरं उदाहरण ‘सामना’. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे. सुरुवातीला तो फारसा चालला नाही. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला, तशी चर्चा झाली, पुन्हा लागला आणि चालला. म्हणजे मत नेहमी पहिल्या शुक्रवारी ठरत नाही. पहिल्या आठवड्याचं परीक्षण आणि सहा महिन्यांनंतरचा लेख यांना एकाच रकान्यात टाकलं, तर महोत्सवाचा परिणाम तुम्हाला दिसणारच नाही.

आणखी एक : ज्या चित्रपटांचं परीक्षण छापलंच गेलं नाही, त्यांचं काय? परीक्षकानं कशावर लिहायचं हे आधीच निवडलेलं असतं. तुमच्या हातातला नमुना यादृच्छिक नाही. त्या वर्षी लागलेल्या चित्रपटांची पूर्ण यादी आधी करा, मग किती चित्रपटांवर लिहिलं गेलं ते बघा. रिकाम्या जागाही मोजायच्या असतात.

तुमच्यासाठी थोडक्यात

कामाला लागताना प्रत्येक कात्रणासाठी एवढ्या नोंदी ठेवा :

१. वर्तमानपत्र, गाव, तारीख, पान. फोटो काढताना पानाचा वरचा मथळा दिसलाच पाहिजे. मी सुरुवातीला नुसते मजकुराचे फोटो काढले, त्यातले कित्येक आज निरुपयोगी आहेत.
२. मजकुराचा प्रकार : जाहिरात, प्रसिद्धी, बातमी, परीक्षण. खात्री नसेल तर ‘संशयित’.
३. लेखकाचं नाव किंवा टोपणनाव, आणि त्याचा चित्रपटधंद्याशी संबंध.
४. चित्रपट त्या गावात लागल्याची तारीख आणि परीक्षणाची तारीख, दोन्ही वेगळ्या रकान्यात.
५. त्याच पानावर त्याच चित्रपटाची जाहिरात आहे का.
६. तुमचा निष्कर्ष आणि मूळ मजकूर कधीही एकाच रकान्यात लिहू नका.

साधनं कुठं? ‘फिल्मइंडिया’चे बरेच अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. चित्रपटांची पुस्तिका, जाहिराती, कात्रणं यांसाठी पुण्याचं चित्रपट संग्रहालय. आपल्या भागासाठी नागपूरचा ‘तरुण भारत’, अकोल्याचं ‘मातृभूमि’ अशा वृत्तपत्रांच्या जुन्या फायली शोधाव्या लागतील. आणि त्याहून आधी गावातलं वाचनालय.

हे ‘आधी’ का म्हणतो, ते सांगून थांबतो. गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या एका वाचनालयात गेलो. जुन्या स्थानिक पेपरच्या फायली आहेत असं फोनवर कळलं होतं. पोहोचलो तर कपाट रिकामं. जागा लागत होती म्हणून दोन महिन्यांपूर्वी रद्दीत दिल्या, असं तिथल्या माणसानं सांगितलं. त्याचा दोष नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे कुणाला हवं असेल. मुंबई-पुण्याच्या पेपरची दुसरी प्रत कुठं ना कुठं मिळेल. पण छोट्या गावच्या पेपरातली, अमुक टॉकीजला अमुक चित्रपट आजपासून, ही चार ओळींची जाहिरात एकदा गेली की गेलीच. आणि तीच तर आबांच्या वहीला जोडणारा दुवा होती.

मागच्या महिन्यात एक नोंद जुळली. एका वितरकाच्या घरी त्यांच्या परवानगीनं जुने बुकिंगचे कागद बघितले. त्यात खामगावची तारीख, आणि आबांच्या वहीत त्याच दिवशी ‘सिनेमा’. चित्रपटाचं नाव कळलं. पळत घरी गेलो, सांगितलं. आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “हो, पाह्यला होता. पेटी लेट आली होती. रात्री साडेदहाले चालू झाला.”

“कसा होता?”

“बरा होता. पण पहिलंच रीळ तुटलं, अन् हिरोचा बाप कोण ते शेवटपर्यंत समजलं नाही.”

मुंबईच्या परीक्षकानं याच चित्रपटावर जे लिहिलंय, त्यात पहिल्या रिळाचं मोठं कौतुक आहे. माझ्या शीटवर आता दोन्ही मतं शेजारी-शेजारी आहेत, आणि सहाव्या नियमाप्रमाणं माझा स्वतःचा रकाना अजून रिकामा आहे. तुमच्याही घरी माळ्यावर एखादी वही असेल. सिनॉप्सिस लिहायच्या आधी एकदा चढून बघा.

प्रश्न असतील तर विचारा. पुढच्या लेखात करमणूक कराचे कागद कसे वाचायचे ते बघू.